दोन बोटं आणि तुरीची ओळ

"दोनच तर बोटं आहेत," असं ज्यांना सगळे ऐकवतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला हे वाक्य इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी मी ऐकवणाऱ्यालाच काम सांगायला लागले. उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारची अनामिका ताठ ठेवायची, अजिबात वाकवायची नाही. तशीच भाकर थापायची, वेणी घालायची, पाण्याची बादली उचलायची, लुगड्याच्या निऱ्या काढायच्या. हे सगळं दुपारपर्यंत करायचं आणि मग माझ्याकडे येऊन म्हणायचं, दोनच तर बोटं आहेत. आजवर एकही जण परत आलेला नाही.

मी उषा. शेती करते. चिखली तालुक्यात, अमडापूरच्या अलीकडे आमचं गाव आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची नावं वगैरे इथे सापडणार नाहीत. माझ्या हाताचं काय झालं, कोण काय बोललं आणि मी काय केलं, एवढंच सांगणार आहे.

पत्रा

सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून झालं की मळणीयंत्र येईपर्यंत ते ढिगानं रचून ठेवतात. आमच्याकडे त्याला सुडी म्हणतात. आमच्या सुडीवर ताडपत्री होती, ताडपत्रीवर टिनाचे पत्रे आणि पत्र्यांवर दगड. दुपारी एकाएकी पावसाचं वारं सुटलं. एक पत्रा दगडासकट उचलला गेला. एका बाजूला आमचे हे होते, दुसऱ्या बाजूला मी. मी पत्र्याची कड उजव्या हातानं गच्च धरली.

"सोड व, सोड! हात कापीन!" हे ओरडले.

मी सोडला नाही. वाऱ्यानं पत्रा माझ्या मुठीतून ओढून काढला. दुखलं म्हणावं तर तेव्हा काहीच दुखलं नाही. रक्त फार आलं. पदर गुंडाळला आणि दुसऱ्या हातानं पत्रा पुन्हा दाबून धरला, तोवर यांनी वर दगड चढवले. नंतर मूठ मिटायला गेले, तर तीन बोटं मिटली आणि दोन तशीच उभी राहिली.

त्या दिवसावरून मला पुष्कळ बोलणी बसली. बसू देत. सुडी कोरडी राहिली हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

लुगड्याची पट्टी

बुलढाण्याला ऑपरेशन झालं. बोट वाकवणारी दोरी असते, तिला डॉक्टर टेंडन म्हणतात. आमच्याकडे सगळ्यालाच शीर म्हणायची पद्धत आहे. मी दोरीच म्हणेन. तर त्या दोन दोऱ्या तुटल्या होत्या, त्या जोडल्या. मनगट वाकवून हाताच्या पाठीकडून कडक पट्टी बांधली. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी शिकवलं होतं की डाव्या हातानं ही बोटं हळूच मिटवायची आणि पट्टीला टेकतील एवढीच उघडायची. रोज, न चुकता.

घरी आल्यावर मी ओसरीत बसून तसं करायला घेतलं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, दाण्याचं सूप खाली टाकून धावत आल्या.

"माय व! टाके सुटतीन ना! काऊन हालवून राह्यली?"

"डॉक्टरनं सांगतलं, आत्याबाई."

"डॉक्टरले काय जाते सांगाले! गाईचा मोडलेला पायबी कोनी हालवते का? मोडलं ते बांधाव लागते."

त्यांनी आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडलं. त्याची लांब पट्टी करून माझा हात बोटांच्या शेंड्यांपर्यंत गुंडाळला आणि गळ्यात बांधला. इतक्या मायेनं बांधला की मला रडू आलं. लग्न होऊन आल्यापासून माझे असे लाड कुणी केले नव्हते.

मग पाहायला येणारे सुरू झाले. आमच्याकडे आजारी माणसाला पाहायला न जाणं म्हणजे भांडण काढल्यासारखंच. गाव आलं, माहेर आलं, नणंदा आल्या. बिस्किटाचे पुडे कोनाड्यात मावेनात. प्रत्येकाचं जाताना एकच वाक्य: "हालवू नोको बरं." हलव म्हणणारा एकसुद्धा आला नाही. आणि खरं सांगू, मलाही ते बरं वाटत होतं. हलवलं की दुखायचं. न हलवायला सगळं गाव परवानगी देत होतं.

जुळलेली दोरी न हलवता ठेवली की काय होतं, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. हाड मोडलं तर बांधतात, बैलाचा पाय मुरगळला तर बांधतात, म्हणून आम्ही तेही बांधलं.

मूठ मिटा

पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मूठ मिटा." मी सगळा जीव बोटांत आणला. पण दोन बोटं जागची हलली नाहीत. जणू ती माझी नव्हतीच, शेजारणीची होती आणि माझ्या हाताला लावली होती.

"घरी व्यायाम केला होता का?" त्यांनी विचारलं. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी भिंतीकडे पाहिलं.

पुढचे काही महिने गरम पाणी, तेल, मालीश आणि व्यायामाच्या बाईंकडे खेपा. बोटांचे सांधे मोकळे झाले. डाव्या हातानं दाबली की ती मिटायची, सोडली की पुन्हा उभी. मला घास भरवायला घरात सगळे तयार होते. मी डाव्या हातानं जेवले, सांडलं, लवंडलं, पण कुणाच्या हातून घास घेतला नाही. एका लग्नात पंगतीत डाव्या हातानं जेवताना पाहून एक बाई तोंड वाकडं करून उठली. मी तिच्या पानातली जिलबीही खाल्ली. डाव्याच हातानं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. एक गोष्ट सोडून.

आमचं एक शेत डोंगराच्या उताराला आहे, दगडगोट्याचं. तिथे ट्रॅक्टर नीट चालत नाही, म्हणून आम्ही अजून बैलांच्या तिफणीनं पेरतो. तिफणीच्या मागे सरतं बांधतात: खाली पोकळ नळी आणि वर वाटीएवढं तोंड. मागून चालणारी बाई मुठीतून तुरीचे दाणे त्यात सोडत जाते. फार सुटले की दाट उगवतं, अडखळले की मधे उघडी जमीन राहते. हात थांबून चालत नाही, कारण बैल थांबत नाहीत. हे काम पहिल्या वर्षी आत्याबाईंनी माझ्या बाजूला चालत मला शिकवलं. आमच्या घरात पहिली मूठ आत्याबाई भरून देतात आणि सरत्यावर चालते ती मी. गावातल्या बाया माझी ओळ पाहून सांगायच्या, ही उषाची.

मधलं बोट आणि अनामिका मिटली नाहीत तर दाणे तळहाताच्या खालून गळून जातात. मी डाळीच्या डब्यावर करून पाहिलं होतं, घरात कुणी नसताना. सगळे दाणे पायावर पडले.

नेफा आणि नाडा

व्यायामाच्या बाईंनीच संभाजीनगरच्या एका हाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या निघाल्या बाई, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी माझी बोटं आधी स्वतः मिटवून पाहिली, मग मला मिटवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "दोरी चांगली जुळली आहे. पण आजूबाजूला चिकटून बसली आहे. परकराच्या नेफ्यात नाडा असतो ना, तो आत चिकटला तर ओढून काय उपयोग?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला माझा हात कळला.

त्यांनी पुढचंही सरळ सांगितलं. बोट उघडून चिकटलेला एकेक धागा सोडवायचा. नेफ्याच्या ज्या कड्या दोरीला हाडाशी धरून ठेवतात, त्या फाटू द्यायच्या नाहीत, नाहीतर दोरी बाहेर फुगते. सोडवताना दोरी कच्ची निघाली तर तुटूही शकते. आणि नीट सुटली तरी पुन्हा चिकटायला ती त्याच दिवशी सुरुवात करते.

"म्हणून तिच्याआधी तुम्ही सुरुवात करायची," त्या म्हणाल्या. "टाके असताना, सूज असताना, दुखत असताना. ते जमणार नसेल तर मी हात लावणार नाही."

मी विचारलं, "पेरणीपर्यंत मूठ मिटेल का?"

"वचन देत नाही, ताई."

मला त्या तिथेच आवडल्या. गोड बोलणाऱ्यांनी माझं पुरेसं नुकसान केलं होतं.

घरातलं वारं

परतीच्या एसटीत माणसं होती, म्हणून हे घरी आल्यावर फुटले.

"दोन बोटांसाठी पुन्हा फाडाचं? आहे तेबी गेलं मंग? तवाच म्हनलं होतं, पत्रा सोड. तुह्यं हे असंच, धरलं म्हनजे धरलं."

"धरलं म्हनून सुडी राह्यली."

"सुडी गेली असती तर पुढच्या साली पुन्हा आली असती. हात येते का?"

थोरल्या जाऊबाई मधे पडल्या. बाई मनाची चांगली आहे, पण बोलण्याला वेळकाळ नाही. म्हणाल्या, "सरतं यंदा माह्याकडं द्या. उषीनं घरी बसून सयपाक पाहावा. नाहीतर तूर एकेक दाना हातानं टोकून घेऊ, त्यात काय!"

त्यात काय! मी ताटावरून उठले. मला राग जाऊबाईंचा नव्हता. माझ्याशिवाय सगळं व्यवस्थित होऊ शकतं, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, त्याचा होता. त्या रागाचे मी आजही उपकार मानते. भीती त्याच्याखाली दबून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर जुन्या लुगड्याची घडी करून ठेवलेली ती पट्टी आत्याबाईंनी चुलीत घातली होती. पट्टी पूर्ण जळेपर्यंत त्या चुलीपुढे बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "जाय. करून ये."

माझ्या डोळ्यांदेखत

ऑपरेशनला मला झोपवलं नाही. फक्त हात बधिर केला होता. त्याचं कारण डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं: सोडवता सोडवता माझ्याकडून बोट वाकवून घ्यायचं होतं. कुठे अडतंय ते मी वाकवल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

मधे हिरवा पडदा. पलीकडे हत्यारांचा बारीक आवाज. मला थंडी वाजत होती आणि पाय माझं न ऐकता हलत होते. एका सिस्टरनं पायांवर आणखी एक चादर टाकली आणि आपला हात तिथेच ठेवला. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही, पण तो हात मला आठवतो.

"वाकवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी वाकवलं. "अजून अडतंय. थांबा." पुन्हा तो बारीक आवाज. "आता?" असं किती वेळ चाललं कोण जाणे. दर वेळी मला वाटायचं, आता तुटल्याचं सांगणार.

मग त्यांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. आणि म्हणाल्या, "बघायचंय का तुम्हाला?"

मी हो म्हणाले. पडदा बाजूला केला. उघडलेलं बोट, आणि त्यात पांढरीशुभ्र, ओली दोरी, अंबाडीचा वाख सोलून ठेवावा तशी. "वाकवा," त्या म्हणाल्या. मी मनात वाकवलं, आणि ती दोरी सरकली. माझं मधलं बोट, मग अनामिका, दोन्ही खाली येऊन तळहाताला टेकली.

मी रडले. आणि रडता रडता पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुरे, ताई, मला शिवू द्या."

वेणी

दवाखान्याचा दिवस मला सकाळच्या चहानं कळायचा. त्यानंतर सिस्टर यायची, पट्टी सैल करायची, आणि सुरू. मिटा. उघडा. बधिरपणा उतरल्यावर जे दुखलं ते मी गोड करून सांगणार नाही. बाळंतपणात निदान शेवट ठाऊक असतो. इथे मिटवायचं, ओरडायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. पट्टीवर रक्ताचे डाग उमटायचे. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तोंड फिरवून बसायची.

केस विंचरणं मला जमेना. एका सकाळी हे कंगवा घेऊन माझ्या मागे बसले. जन्मभर बैलांची दावी वळलेला माणूस, त्यांनी माझी वेणीही तशीच वळली. इतकी घट्ट की माझे डोळे ताणले गेले. सगळ्या वॉर्डात हसं झालं. सिस्टर म्हणाली, "काका, ताईंना गोठ्यात बांधायचंय का?" हे ओशाळून हसले. ऑपरेशनवरून झालेल्या भांडणानंतर आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेव्हाच. वेणी मी दवाखान्यातून सुटी होईपर्यंत सोडली नाही.

दारातली राखण

घरी आले आणि पाहायला येणारे पुन्हा सुरू झाले. तेच बिस्किटाचे पुडे, तेच चेहरे. पहिली आली ती माझी मावससासू. उंबऱ्यातूनच तिनं मला बोटं मिटताना, कण्हताना पाहिलं.

"अगं बाई! ताजी जखम आन् हालवून राह्यली? हालवू नोको व!"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. एवढीशी बाई, पण दार भरून गेलं.

"हालवू नोको म्हनाचं असन तर तिकडूनच वापस जाय. मागल्या टायमाले सगळ्यायनं मिळून तिचा हात गमावला. मीबी त्यातच होतो. आता जो आत येईन, त्यानं हालव म्हनाचं."

मावससासू आत आली, बसली आणि पडलेल्या आवाजात म्हणाली, "हालव बाई, हालव." मला दुखण्यातही हसू फुटलं. पुढे गावभर ते झालं. माणसं दारातूनच "हालव!" म्हणत यायची. लोक नमस्कार विसरले.

पण मी कण्हायला लागले की आत्याबाई स्वतः उठून गोठ्यात जायच्या. त्यांना ते ऐकवायचं नाही. मी थांबले की परत यायच्या आणि विचारायच्या, "झालं? टेकली का?"

टक्

हे मात्र सांगितलंच पाहिजे, कारण अशा वेळी माणूस एकटा पडतो. टाके निघाल्यावर एका दुपारी मूठ मिटताना आत टक् असा आवाज झाला.  तुटली! मी हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहायचीसुद्धा हिंमत होईना.

डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "वाकवून बघा. वाकतंय? मग तुटलेलं नाही. चिकटलेलं काहीतरी सुटलं असेल. उद्या येऊन दाखवा, पण आज थांबू नका."

वाकत होतं. तरीही मी त्या दिवशी पुन्हा मिटवायला तयार होईना. पत्र्याच्या दिवशीही मी अशी भ्यायले नव्हते. हे बाजूला बसून पाहत होते. बराच वेळ पाहून म्हणाले,

"तवा सोड म्हनलो, तर सोडलं नाही. आता धर म्हनतो, तर धरत काऊन नाही?"

आणि स्वतःचं बोट माझ्या तळहातावर आडवं ठेवलं. मी धरलं. जोरात धरलं, सगळा राग काढून धरला. यांनी दात आवळले, पण बोट काढलं नाही.

तुम्हाला एकच सांगणं. डॉक्टर जेवढं हलवायला सांगतील तेवढं हलवा, स्वतःच्या मनानं जास्त नको आणि लोकांच्या मायेपायी कमी नको. आणि आवाज आला, सूज वाढली, शंका आली, तर गावाला विचारू नका, डॉक्टरांना विचारा.

उताराचं शेत

पेरणी आली तेव्हा माझी मूठ पूर्ण मिटत नव्हती. आजही मिटत नाही. अनामिका तळहाताला टेकते ती ओझरती, आणि तिथे थोडी फट राहते. वाचणाऱ्याला बरं वाटेल असं खोटं मी इथे लिहिणार नाही.

बैल जुंपले. जाऊबाई तयारीनं आल्या होत्या, पदर खोचून. आत्याबाई तुरीचं टोपलं घेऊन तिफणीमागे आल्या. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी टोपल्यातून मूठ भरली, माझा उजवा हात पुढे ओढला, त्यात दाणे ओतले आणि माझी बोटं स्वतःच्या हातानं एकेक करून मिटवली. ज्या हातांनी लुगडं गुंडाळलं होतं, तेच हात होते.

"फट राहते, आत्याबाई," मी म्हटलं.

"राहू दे. चाल."

यांनी बैल हाकले. मी सरत्यावर चालले. पहिल्या ओळीला दाणे फटीतून भसाभस सुटले. बोट आवळलं तर अडकले, सैल केलं तर पुन्हा सांडले. जाऊबाई बांधावरून काहीतरी बोलल्या, मी ऐकलं नाही. दुसऱ्या ओळीला मी हात थोडा कलता धरला, फट वर येईल असा. दाणे थांबले. मग अंगठ्याशी एकेक यायला लागले. उताराच्या खालच्या टोकाला पोचले तेव्हा हात ठणकत होता, पण चाल बसली होती. शेत संपेपर्यंत मी सरतं कुणाला दिलं नाही.

तूर वर आली तेव्हा मी आणि आत्याबाई पाहायला गेलो. बांधावरून सगळं दिसत होतं. पहिली ओळ नुसता गुंता, रोपावर रोप. दुसरी अर्ध्यापर्यंत वेडीवाकडी. आणि तिथून पुढे, थेट शेवटच्या ओळीपर्यंत, सारख्या अंतरावर सरळ उभी तूर.

आत्याबाईंनी पहिल्या ओळीकडे बोट दाखवलं. "हे दाट झालं. उपटून इरळ करून टाकू का? लोकं पाहतीन."

"राहू द्या तसंच," मी म्हटलं. "पाहू द्या लोकायले."